एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स : शाळा व पंचायत कार्यालयांसाठी काही उपयुक्त माहिती

खेड्यापाड्यांतील शाळांत, पंचायत कार्यालयांत व सहकारी सोसायट्यांत आज संगणक ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांचे दाखले, ग्रामसभेची इतिवृत्ते, घरपट्टीच्या याद्या, इतकेच नव्हे तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीची सूचनादेखील आता संगणकावरच तयार होते. परंतु यांपैकी जे संगणक साधारणतः २०१७ सालापूर्वी बनविलेले आहेत, त्यांच्यापुढे अलीकडे एक अडचण उभी राहिली आहे. त्यांवर चालणारी विंडोज १० ही कार्यप्रणाली जुलै २०१५ मध्ये आली व तिची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिच्या जागी ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ बसवावी म्हटले, तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय यंत्रात असावी लागते आणि इंटेल कंपनीचा प्रोसेसर असल्यास तो सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा अथवा त्यानंतरचा असावा लागतो. जुनी यंत्रे या अटींत बसत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो व कामही करतो. मात्र प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजविण्याची नित्याची व्यवस्था राहिलेली नसल्याने असा संगणक इंटरनेटला जोडून त्यावर कार्यालयीन कामे करणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. मग सुस्थितीतील यंत्र भंगारात काढावयाचे काय, हा प्रश्न अनेक मुख्याध्यापकांनी व पंचायत सचिवांनी प्रस्तुत लेखकास विचारला आहे. त्याचे एक व्यवहार्य उत्तर असे की, त्याच संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवावी, इंटरनेटवरील व नित्याची नवी कामे लिनक्समध्ये करावीत आणि ज्या जुन्या कामांना विंडोजवाचून गत्यंतर नाही तेवढ्यापुरती विंडोज ठेवावी.

दोन प्रणाली एका यंत्रात कशा नांदतात

कार्यप्रणाली म्हणजे संगणक सुरू होताच त्याचा ताबा घेणारी आणि पडदा, कीबोर्ड, प्रिंटर व हार्ड डिस्क यांच्याकडून काम करवून घेणारी मूळ व्यवस्था. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची विकत घ्यावयाची प्रणाली आहे. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्यास जोडली गेली आणि जगभरच्या जाणकारांच्या सहकार्याने ती प्रणाली वाढली. तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही, ती कितीही यंत्रांवर बसविता येते. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे होत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ साली बॉस लिनक्स हे रूप सिद्ध केले. केरळ राज्यात तर २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणालीचाच अंगीकार केला व त्या प्रकल्पातून २०१७ मध्ये निर्माण झालेली काइट ही शासकीय संस्था आजही तेथील शाळांना लिनक्सच पुरविते.

एका संगणकावर दोन प्रणाली असल्या तरी त्या एका वेळी चालत नाहीत. संगणक सुरू करताच पडद्यावर दोन नावांची यादी येते, त्यांतील एक निवडावयाचे व त्या बैठकीपुरते तेवढ्याच प्रणालीत काम करावयाचे. दुसरीत जावयाचे असल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हार्ड डिस्कची मात्र वाटणी होते. एका सर्व्हे नंबरातील जमिनीचे पोटहिस्से पाडून मध्ये बांध घालतात, त्याप्रमाणे डिस्कचे भाग पाडून एकावर विंडोज व दुसऱ्यावर लिनक्स राहते. या भागांना पार्टिशन म्हणतात. जमिनीच्या वाटणीत जी काळजी तीच येथेही. बांध चुकला तर पीक कोणाचे हा वाद तरी घालता येतो, येथे पीकच नाहीसे होते.

एका शाळेतील प्रसंग

हे लिहिण्याचे कारण एक प्रत्यक्ष प्रसंग आहे. डोंगराळ तालुक्यातील एका शाळेत, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एका उत्साही शिक्षकांनी शनिवारी दुपारी आपणहून लिनक्स बसविण्यास घेतले. त्यांचा हेतू चांगला होता व पूर्वी घरच्या लॅपटॉपवर त्यांनी ते केलेही होते. स्थापनेच्या एका पायरीवर संगणक विचारतो की, नवी प्रणाली विंडोजच्या शेजारी बसवावयाची की संपूर्ण डिस्क पुसून बसवावयाची. त्या दिवशी काही कारणाने लिनक्सला त्या डिस्कवरील विंडोज ओळखता आली नाही आणि म्हणून ‘शेजारी’ हा पर्याय पडद्यावर आलाच नाही. समोर होता तो पर्याय त्यांनी स्वीकारला. पंधरा-वीस मिनिटांत लिनक्स उत्तम बसली, परंतु शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या अकरा वर्षांच्या टंकलिखित याद्या गेल्या. जनरल रजिस्टर हस्तलिखित होते व कपाटात सुरक्षित होते म्हणून निभावले. चतुर्थीच्या सुट्टीत दोन शिक्षिकांनी बसून त्या सर्व याद्या पुन्हा टंकित केल्या. ज्या जन्मतारखांवर मुलांचे पुढचे सारे कागद अवलंबून असतात, त्या तारखा दुसऱ्यांदा उतरविताना त्यांना किती ताण पडला असेल याची कल्पना शिक्षकवर्गास सहज येईल.

त्या शिक्षकांकडे दोष जातो तो बटण चुकल्याचा नव्हे. प्रत न काढता आरंभ केला, ही खरी चूक. म्हणून प्रथम पायरी हीच की, संगणकावरील सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढाव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर व दुसरी पेन ड्राइव्हवर अथवा दुसऱ्या संगणकावर. प्रत काढल्यावर तेथून चार-दोन फाईली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

पूर्वतयारी

शासकीय अथवा अनुदानित संस्थेचा संगणक डेड स्टॉक रजिस्टरवर चढविलेला असतो व कित्येकदा त्याच्या देखभालीचा करारही असतो. तेव्हा संस्थाप्रमुखांची लेखी संमती घेतल्यावाचून त्यात फेरफार करू नये.

त्यानंतर विंडोजमध्ये बिटलॉकर अथवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे काय हे पाहावे. या व्यवस्थेत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवलेला असतो. एरवी हे कुलूप जाणवत नाही. मात्र संगणक सुरू होण्याच्या पद्धतीत बदल झाला की तो एकाएकी ४८ अंकी किल्ली विचारतो, आणि ती नसल्यास आत शिरण्याचा मार्ग राहत नाही. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला गेला त्या खात्यात असते, आणि ते खाते बदली होऊन गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचे असण्याचा संभव असतो. म्हणून ती आधीच मिळवून कागदावर उतरवून ठेवावी.

तिसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोज बंद करताना पूर्णपणे बंद होत नाही. ती आपल्या कामाचा काही भाग डिस्कवर अर्धवट ठेवून झोपी जाते, म्हणजे पुढील वेळी लवकर उठता यावे. एकटी राहणाऱ्या प्रणालीस हे सोयीचे आहे. शेजारी दुसरी राहावयास आली की मात्र तेच अडचणीचे ठरते. लिनक्स विंडोजचे पार्टिशन उघडावयास जाते तेव्हा तेथे अर्धे काम पसरलेले आढळते व ती केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडण्यास नकार देते. अशा स्थितीत बळेच लिहिले गेल्यास फाईली खराब होतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करता येते व ती आरंभीच बंद करावी.

डिस्कची वाटणी

वाटणी शक्यतो विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या साधनानेच करावी, कारण विंडोजला आपले घर किती आवरता येईल हे तिचे तिला अधिक चांगले कळते. उदाहरणादाखल ५०० जीबीची हार्ड डिस्क घेऊ. विंडोजमध्ये ती सुमारे ४६५ जीबी दिसते. डिस्क कमी दिली असे त्यावरून समजू नये. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच हा फरक आहे. यांपैकी ६० जीबी लिनक्ससाठी व १५० जीबी सामाईक ड्राइव्हसाठी घेतल्यास विंडोजकडे सुमारे २५५ जीबी उरतात व त्या पुष्कळ झाल्या. आकडा मेगाबाइटमध्ये विचारला जातो, म्हणून ६० जीबीसाठी ६१,४४० लिहावे. लिनक्सचा हिस्सा मोकळाच, न वाटलेला ठेवावा. सामाईक ड्राइव्ह मात्र विंडोजमध्येच एनटीएफएस पद्धतीने तयार करून घ्यावा. लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता येते. लिनक्सची ईएक्सटी४ ही पद्धत मात्र विंडोजला मुळात वाचता येत नाही. म्हणून सामाईक ओसरी विंडोजच्या धाटणीची असणे सोयीचे.

जुन्या संगणकांवर येथे एक खाचखळगा आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन पडू शकतात व त्यांतील दोन-तीन कंपनीने आधीच व्यापलेले असतात. मर्यादा ओलांडू लागताच विंडोज डिस्क डायनॅमिक करण्याची सूचना पुढे करते. ती कदापि मान्य करू नये. तसे केल्यास त्या डिस्कवर लिनक्स बसविणे दुरापास्त होते. माझे स्वतःचे मत असे की, टेबलावरील संगणक असेल तर या वाटणीच्या फंदात न पडता लहानशी दुसरी एसएसडी आणून तीवर लिनक्स बसवावी. खर्च थोडा आहे, जुन्या यंत्राचा वेग वाढतो आणि स्थापनेच्या वेळी विंडोजची डिस्क काढून ठेवली की चूक होण्यास वावच राहत नाही. निवडीची यादी मात्र मग आपोआप येणार नाही. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावयाचे हे संगणक चालू करतानाच ठरवावे लागते.

वाटणी चालू असताना वीज गेल्यास मोठे नुकसान होते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा, टेबलावरील संगणकास यूपीएस असावा, आणि ढगांचा गडगडाट चालू असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

स्थापना

क्रम असा की, विंडोज आधी व लिनक्स नंतर. उलट केल्यास विंडोज बसताना आरंभीच्या यादीची दखल घेत नाही व लिनक्स असूनही दिसेनाशी होते. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी मेमरी सांगितलेली आहे, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवून ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर रूफस यासारख्या साधनाने चढवावी. साधी नक्कल करून भागत नाही. पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर यात पुसला जातो.

या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास काहीही न बसविता लिनक्स वापरून पाहता येते. ही सोय फार मोलाची आहे व घाईत ती वगळू नये. वायफाय लागते काय, प्रिंटर ओळखला जातो काय, आवाज येतो काय, हे सारे तेथेच अर्धा तास बसून तपासावे. संस्थेचे हिशेब टॅलीवर असतील तर ते काम विंडोजमध्येच राहील हे गृहीत धरावे. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन असल्यास त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो की नाही याची विक्रेत्याकडे चौकशी करावी. युडायस प्लससारखी माहिती ब्राउझरमधून भरली जाते, ती लिनक्समधूनही भरता येते.

प्रत्यक्ष स्थापनेत वर सांगितलेली पायरी आली की थांबावे. विंडोजच्या शेजारी बसविण्याचा पर्याय दिसत असेल तर तो घ्यावा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नये, संगणक बंद करावा व जाणकारास बोलवावे. बहुधा विंडोज नीट बंद झालेली नसते, किंवा विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने की नव्या यूईएफआय पद्धतीने, त्याहून वेगळ्या पद्धतीने पेन ड्राइव्ह सुरू झालेला असतो.

मराठी मजकुराचा प्रश्न

आतापर्यंतचा भाग यंत्राचा झाला. आपल्या शाळा-कार्यालयांची खरी अडचण याहून निराळी आहे आणि तिचा विचार फारसा होत नाही. वीस-पंचवीस वर्षांचे आपले मराठी कागद श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या टंकांत आहेत. या टंकांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. आत साठविलेले असते ते रोमन अक्षर वा चिन्ह, आणि त्यावर मराठी वळणाचे चित्र चढविलेले असते. टंक नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की मुखवटा गळून पडतो व रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. लिनक्समध्ये जुने इतिवृत्त उघडून ‘फाईल खराब झाली’ म्हणून घाबरलेले सचिव मी पाहिले आहेत. फाईल शाबूत असते. तो टंक लिनक्समध्येही बसविता येतो, पण त्याच्या परवान्यात तशी मुभा आहे काय ते पाहावे लागते. शिवाय त्यातील टंकलेखनाची साधने विंडोजसाठीच बनविलेली असल्याने मजकूर वाचता आला तरी दुरुस्त करणे कठीण जाते.

युनिकोडमध्ये टंकित केलेल्या मराठीस ही अडचण नाही. तेथे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठविला जातो. विंडोजमध्ये तो मंगल टंकात दिसेल व लिनक्समध्ये लोहित अथवा नोटोमध्ये, वळण थोडे बदलेल, मजकूर तोच राहील. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड तर १९९१ च्या भारतीय मानकात नमूद आहे व दोन्ही प्रणालींत तयार मिळतो. डाव्या हाताशी स्वर व उजव्या हाताशी व्यंजने अशी त्याची मांडणी असून ती एकदा बोटांत बसली की कोणत्या प्रणालीत आहोत याचे भानही राहत नाही. एरवी दोन प्रणाली वापरणाऱ्यास दोन सवयी लागतात, मराठी लिहिणाऱ्याची ही एक सवय तरी वाचते.

म्हणून दोन प्रणाली एकत्र ठेवण्याचा काळ हा जुने कागद युनिकोडमध्ये आणण्याचा काळ समजावा. विंडोजमध्ये जुनी फाईल उघडावी, परिवर्तकाने तिचे रूपांतर करावे, सामाईक ड्राइव्हवर ठेवावी व मूळ फाईलही जतन करावी. रूपांतरित मजकुरावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर असते. रफाराचेही तसेच आहे. परिवर्तकाची येथे गल्लत होते व ‘कीर्ती’, ‘सूर्यकांत’ अशी नावे विस्कटतात. दाखल्यातील नाव विस्कटले तर त्याचा त्रास त्या मुलाला पुढे पासपोर्टपर्यंत पुरतो. म्हणून प्रत्येक यादी छापील अथवा हस्तलिखित प्रतीशी एकाने वाचावी व दुसऱ्याने पडताळावी.

फाईलींना नावे देतानाही थोडी दक्षता हवी. लिनक्समध्ये ‘सभा: ५ जून’ असे विसर्गासारखे चिन्ह घालून नाव देता येते, विंडोजला ते चालत नाही व फाईल उघडताना अडते. प्रश्नचिन्ह व अवतरणचिन्ह यांचेही तेच. साधी आडवी रेघ वापरावी.

नंतर येणाऱ्या लहानसहान अडचणी

पहिल्याच आठवड्यात बहुधा तक्रार येते ती घड्याळाची. संगणकाच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ तीपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. हजेरीच्या नोंदीवर चुकीची वेळ पडते, काही संकेतस्थळे उघडत नाहीत. लिनक्सला स्थानिक वेळ धरण्यास एकदा सांगून ठेवले की हा प्रश्न मिटतो.

निवडीच्या यादीत विंडोजचे नाव न दिसल्यास ती गेली असे मानू नये. ही यादी दाखविणाऱ्या ग्रब या कार्यक्रमाने २०२१ पासून इतर प्रणालींचा शोध घेणे मुळातच बंद ठेवले आहे. काही लिनक्स प्रणालींत तो शोध हाताने चालू करावा लागतो. उलट प्रकारही घडतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर अनेक ठिकाणी शेजारची लिनक्स सुरू होईनाशी झाली व मायक्रोसॉफ्टला तो दोष मान्य करावा लागला. मजकूर कोणाचाही गेला नव्हता, पण खोळंबा झाला. महत्त्वाच्या तारखेच्या आदल्या दिवशी कोणत्याच प्रणालीची नवी दुरुस्ती चढवू नये, हा कार्यालयांसाठी चांगला शिरस्ता होय.

पुढे केव्हा लिनक्स काढून टाकावयाची झाल्यास तिचे पार्टिशन थेट पुसू नये. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रात सुरुवातीची यादी त्या पार्टिशनवर अवलंबून असते, ते पुसताच संगणक काळ्या पडद्यावर थांबतो. आधी विंडोजच्या दुरुस्तीच्या साधनाने तिची स्वतःची आरंभव्यवस्था पूर्ववत करून घ्यावी व मग पार्टिशन काढावे.

या सर्व कामाची नोंद एका कागदावर ठेवावी. वाटणी कशी केली, लिनक्सचे कोणते रूप बसविले, पासवर्ड कोणाकडे आहे, कोणी व कोणत्या तारखेस काम केले आणि ती ४८ अंकी किल्ली कोणती. हा कागद त्याच संगणकात साठवून उपयोग नाही. तो जनरल रजिस्टर असते त्या कपाटात, मुख्याध्यापकांच्या अथवा सचिवांच्या ताब्यात असावा आणि बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना इतर किल्ल्यांबरोबर त्याचीही यादीत नोंद करावी.